आधी योगायोगाचा हिशोब

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझी मेल आणि सोबतचा मसुदा, दोन्ही वाचलं. डासांच्या त्या जनुकात टजिमाचा डी हा वैविध्याच्या चाचणीचा आकडा उणे दोनच्या खाली आला आणि तू पहिल्याच परिच्छेदात ‘नैसर्गिक निवडीचा स्पष्ट ठसा’ असं लिहून मोकळी झालीस. मेलच्या शेवटी विचारलंस, की गणितात एम.एस्सी. केलेल्या मुलीनं सैद्धांतिक पॉप्युलेशन जेनेटिक्समध्ये, म्हणजे लोकसंख्येतल्या आनुवंशिक बदलांच्या गणितात, यावं का, आणि आलीच तर सुरुवात कुठून करावी. सुरुवात कुठून करायची याचं उत्तर तुझ्या त्या पहिल्या परिच्छेदातच दडलंय, तेव्हा आधी तेच घेते.

हा डी मुळात काय मोजतो ते बघ. आनुवंशिक वैविध्य मोजायच्या दोन रीती आहेत. नमुन्यातले कुठलेही दोन डीएनए-क्रम शेजारी ठेवले तर सरासरी किती जागी फरक सापडतो, ही एक. सगळ्या नमुन्यात मिळून किती जागा बदलत्या आहेत ते मोजायचं आणि नमुन्याच्या आकारानुसार ठरणाऱ्या एका संख्येनं त्याला भागायचं, ही दुसरी. ती वॉटरसन यांनी १९७५ मध्ये दिली. लोकसंख्येचा आकार पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला असेल आणि निवड नसेल, तर दोन्ही वाटांनी एकाच राशीचा अंदाज मिळायला हवा. फुमिओ टजिमा यांनी १९८९ मध्ये या दोन अंदाजांतला फरक घेऊन त्याची चाचणी बनवली. उणे डी म्हणजे दुर्मिळ बदल अपेक्षेपेक्षा जास्त. बस, एवढंच तो सांगतो.

ते जास्त का झाले, हे त्याला ठाऊक नसतं. एखादं फायद्याचं म्युटेशन, म्हणजे डीएनएतला नवा बदल, झपाट्यानं पसरलं आणि जाताना शेजारचं वैविध्य पुसून गेलं, तर नंतर आलेले बदल अजून दुर्मिळच असणार; डी उणे. लोकसंख्या अलीकडे भराभर वाढली असेल, तरी डी उणे. किंचित घातक म्युटेशनं निवडीनं खालीच दाबून ठेवली असतील, तरी उणेच. आणि सिक्वेन्सिंगमधल्या, म्हणजे डीएनए वाचतानाच्या, चुका बहुधा एकेकट्या नमुन्यात दिसतात, त्यामुळे माहिती नीट गाळली नसेल तर यंत्राच्या चुकाही डीला खाली ओढतात. तू यातलं पहिलं कारण उचललंस, कारण गोष्ट म्हणून ते सगळ्यात देखणं आहे. मी मसुद्यात एकच आकडा शोधत होते: त्याच डासांच्या बाकीच्या जीनोममध्ये, म्हणजे उरलेल्या सगळ्या डीएनएत, डी किती येतो? तो कुठेच नाही. आफ्रिकेतल्या अ‍ॅनोफिलिस गॅम्बी या मलेरियाच्या डासाच्या कित्येक लोकसंख्यांत दुर्मिळ बदलांचा जीनोमभर सुकाळ आहे. तुझ्या डासांचंही तसंच असेल, तर उणे दोन हा त्यांच्यासाठी रोजचाच आकडा.

डासांत निवड नसते असं मी म्हणत नाही. सोडियम चॅनेलच्या जनुकातल्या केडीआर म्युटेशनमुळे डीडीटी आणि पायरेथ्रॉइड ही कीटकनाशकं डासांवर चालेनाशी होतात, आणि तिथे निवड झाली याबद्दल कुणाला शंका नाही. पण ती खात्री एका डीवर उभी नाही. कीटकनाशकाचा रेणू चॅनेलवर काय करतो ते माहीत आहे, एका अमिनो आम्लाच्या बदलानं ते कसं बिघडतं ते माहीत आहे, फवारणीच्या इतिहासाशी प्रसार जुळतो, आणि तोच बदल वेगवेगळ्या हॅप्लोटाइपवर, म्हणजे आजूबाजूची अक्षरं वेगळी असलेल्या प्रतींवर, स्वतंत्रपणे अनेकदा उगवलेला दिसतो. तुझ्या जनुकाबद्दल यातलं काय आहे? अजून काहीच नाही. म्हणून तुला पहिल्यांदा शिकायचंय ते हे, की निवडीनं काहीही केलं नसतं तर नुसत्या योगायोगातून काय दिसलं असतं. या विषयातलं निम्मंअधिक गणित त्याच एका प्रश्नासाठी जन्माला आलंय.

ते कसं आलं हे थोडं सांगते, कारण इतिहास कळल्याशिवाय सूत्रं नुसती पाठ होतात.

फिशर, राइट आणि हॉल्डेन यांनी १९२० आणि ३०च्या दशकांत गणित उभं केलं, पण त्या गणितात घालायला आकडे फारसे नव्हते. १९६६ मध्ये शिकागोत लेवोंटिन आणि हबी यांनी ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या फळमाशीची १८ जनुकस्थानांची प्रथिनं अ‍ॅक्रिलामाइडच्या जेलमध्ये विजेच्या दाबानं पळवून पाहिली. एका सरासरी लोकसंख्येत सुमारे ३० टक्के जनुकस्थानांवर वैविध्य निघालं, आणि एकेका माशीत सुमारे १२ टक्के स्थानांवर दोन वेगळ्या प्रती. त्याच वर्षी लंडनमध्ये हॅरी हॅरिस यांना माणसाच्या एन्झाइममध्येही असंच काहीसं सापडलं. इतकं वैविध्य कुणाच्याच अपेक्षेत नव्हतं. निवडच ते सगळं टिकवून धरत असेल, तर त्या निवडीचा बोजा कुठल्या जिवाला पेलवणार?

मोटू किमुरा यांनी १९६८ मध्ये दुसऱ्या टोकानं प्रश्न हाती घेतला. हॉल्डेन यांनी १९५७ मध्ये हिशोब केला होता की निवडीच्या जोरावर एका जनुकाची जुनी प्रत जाऊन नवी यायला साधारण ३०० पिढ्यांची किंमत मोजावी लागते. (हे हॉल्डेन त्याच वर्षी इंग्लंड सोडून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भुवनेश्वरला वारले. तो निबंध ज्या ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’मध्ये आला त्याचे संपादकही तेच होते, ते नियतकालिक त्यांनी सोबत भारतात आणलं आणि आज ते बंगळुरूहून निघतं.) किमुरांनी सस्तन प्राण्यांच्या प्रथिनांतले फरक अख्ख्या जीनोमला लावून पाहिले, तर सरासरी दर दोन वर्षांनी एक बदल कायम होतोय असं निघालं. निवडीला हा वेग परवडणारा नाही, तेव्हा यातले बहुतेक बदल जिवाच्या दृष्टीनं ना नफा ना तोटा, निव्वळ ड्रिफ्टनं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या योगायोगी चढउतारानं, रुजलेले असले पाहिजेत, असं त्यांनी मांडलं. पुढच्या वर्षी किंग आणि ज्यूक्स स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले.

गंमत अशी, की किमुरांचा तो मूळ युक्तिवाद लवकरच ढिला झाला. हॉल्डेनचा हिशोब ज्या गृहीतांवर उभा होता ती बदलली तर किंमत बरीच कमी येते, हे लगेचच दाखवलं गेलं. तरी ही ‘न्यूट्रल थिअरी’, म्हणजे ‘ना नफा ना तोटा’चा सिद्धांत, टिकली, ती दुसऱ्या पायावर. कागद घे आणि हे मांडून बघ. एन व्यक्तींच्या लोकसंख्येत एका जनुकाच्या दोन एन प्रती असतात. प्रत्येक प्रतीत पिढीमागे म्युटेशनचा दर मू धरला, तर दर पिढीत दोन एन गुणिले मू इतकी नवी म्युटेशनं येतात. त्यातलं कुठलंही एक न्यूट्रल म्युटेशन शेवटी सगळ्यांत पसरण्याची शक्यता दोन एनमध्ये एक. गुणाकार केलास की एन उडून जातो आणि हाती राहतो तो फक्त मू. म्हणजे न्यूट्रल बदल रुजण्याचा वेग लोकसंख्या हत्तींची आहे की उंदरांची यावर अवलंबूनच नाही, पिढीमागच्या म्युटेशनच्या दरावर आहे. दोन ओळींचं गणित आहे. ते पुस्तकातून वाचलं तर ‘बरं’ एवढंच वाटतं. स्वतःच्या हातानं केलं की एन उडतो तिथे थांबायला होतं.

त्याच बैठकीत हॉल्डेन यांचा १९२७चा निकालही काढून बघ: मोठ्या लोकसंख्येत नव्यानं आलेलं फायद्याचं म्युटेशन टिकण्याची शक्यता त्याच्या फायद्याच्या साधारण दुप्पट. एक टक्का फायदा असेल, तर दोन टक्के. म्हणजे उत्क्रांतीच्या दृष्टीनं भरघोस म्हणावं असं म्युटेशनही शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा पहिल्या काही पिढ्यांतच हरवतं. ‘उपयोगी होतं म्हणून टिकलं’ असं वाक्य मसुद्यात लिहिताना हे अठ्ठ्याण्णव आठव.

टोमोको ओहता यांचं काम मात्र नुसतं चाळू नकोस, मुळातून वाच. त्या किमुरांच्याच मिशिमाच्या संस्थेत होत्या आणि वरिष्ठांचा सिद्धांत जगभर गाजत असताना त्यांनी १९७३ मध्ये सांगितलं की ‘न्यूट्रल’ आणि ‘घातक’ यांच्यामध्ये मोठा पट्टा आहे, किंचित घातक म्युटेशनांचा. लोकसंख्या लहान असेल तर ड्रिफ्टच्या गोंगाटात असल्या म्युटेशनांवर निवडीची पकड बसत नाही आणि ती न्यूट्रलसारखी वागतात. मोठ्या लोकसंख्येत तीच गाळली जातात. म्हणजे एखादं म्युटेशन न्यूट्रल आहे का, हा प्रश्न एकट्या म्युटेशनबद्दल विचारताच येत नाही, ते कुणात आलं हेही सांगावं लागतं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांच्या माहितीनं किमुरांपेक्षा ओहतांना जास्त साथ दिली आहे. २०१५ मध्ये त्यांना आणि लेवोंटिन यांना मिळून क्राफूर्ड पारितोषिक मिळालं.

आता कोअलेसंट, म्हणजे नमुन्यांचा वंश मागे मागे शोधायचं गणित. तुझं गणित इथे खरं कामाला येईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तान्त छापतात, ते मूळ पुरुषापासून खाली येतात: त्याला इतके मुलगे, त्यातल्या अमक्याचा वंश पुढे चालला, तमक्यापुढे ‘निर्वंश’. कोअलेसंट उलटा चालतो. आज हातात असलेल्या नमुन्यांपासून निघायचं आणि मागे मागे जायचं. ज्यांचा वंश नमुन्यापर्यंत पोचलाच नाही, त्यांचा विचारही करायचा नाही. किंगमन यांनी १९८२ मध्ये हे गणित काटेकोर मांडलं. हडसन आणि टजिमा हेही १९८३ मध्ये आपापल्या वाटेनं तिथे पोचले.

दोन प्रती घे. मागच्या पिढीत दोघींचं मूळ एकच असण्याची शक्यता दोन एनमध्ये एक. म्हणून सरासरी दोन एन पिढ्या मागे गेलं की त्या एकत्र येतात. पण ती वाट पाहणी घातांकी वितरणाची आहे, म्हणजे सरासरी जितकी तितकंच प्रमाण विचलन. एका जनुकात दोन प्रतींचा समान पूर्वज अगदी काल-परवाचा निघेल आणि शेजारच्या जनुकात कितीतरी जुना, आणि दोन्हींमागे कारण काहीच नसेल. हे एकदा मनात बसलं की एकाच जनुकातला विचित्र आकडा बघून हात शिवशिवायचे थांबतात.

नमुन्यांची संख्या वाढवली तर? सगळ्यांचा समान पूर्वज सरासरी चार एन गुणिले (एक वजा नमुना-संख्येचा व्यस्तांक) इतक्या पिढ्या मागे असतो. दहा नमुन्यांना ३.६ एन, अगणित नमुन्यांना ४ एन. यातल्या दोन एन पिढ्या तर नुसत्या शेवटच्या दोन शाखा एकत्र येण्यात जातात. दहाच प्रती घेतल्या तरी अख्ख्या लोकसंख्येच्या वंशवृक्षाचं मूळ त्यांच्या वृक्षातही असण्याची शक्यता अकरापैकी नऊ, म्हणजे सुमारे ८२ टक्के. आणि दहाच्या जागी शंभर प्रतींचं सिक्वेन्सिंग केलंस तर बदलत्या जागा दसपट नव्हे, दुपटीपेक्षाही कमी वाढतात: वॉटरसनचा भाजक २.८३ वरून ५.१८ वर जातो, बस. मसुद्याच्या शेवटी तू म्हणतेस की पुढच्या टप्प्यात याच जनुकासाठी आणखी डास गोळा करणार. निवड शोधायची असेल तर तेच पैसे त्याच डासांच्या इतर जनुकांवर घाल. वेगवेगळी जनुकं म्हणजे इतिहासाच्या वेगवेगळ्या पुनरावृत्त्या. जास्त डास म्हणजे बहुतांशी त्याच एका झाडाची टोकाकडची नवी पानं.

याच गणितातून माणसाचा एक हिशोब येतो. माणसाच्या जीनोमच्या दोन प्रतींत हजार अक्षरांमागे साधारण एक फरक असतो. म्युटेशनचा दर पिढीमागे दहा कोटी अक्षरांना सव्वाच्या आसपास. न्यूट्रल वैविध्य म्हणजे चार गुणिले एन गुणिले मू. तर एन येतो सुमारे वीस हजार. आपण आठशे कोटी आहोत. ही वीस हजार माणसं कधी कुठे राहत होती असं कुणी विचारलं तर हसू नकोस, पण हेही सांग की ती शिरगणती नाही. ज्या आदर्श लोकसंख्येत इतकाच ड्रिफ्ट झाला असता तिचा तो आकार आहे, आणि त्यावर पूर्वीच्या लहान लोकसंख्यांची छाया फार काळ राहते.

कमी नमुन्यांतही केवढं दिसू शकतं, याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे मार्टिन क्राइटमन यांचं १९८३चं काम. हार्वर्डमध्ये लेवोंटिन यांचा हा विद्यार्थी. त्यानं फळमाशीच्या अल्कोहोल डीहायड्रोजनेज जनुकाच्या ११ प्रती, पाच नैसर्गिक लोकसंख्यांतल्या, अक्षर-अक्षर वाचल्या. बदलत्या जागा निघाल्या ४३. त्यातली प्रथिन बदलणारी फक्त एक, आणि तीही जेलवर आधीपासून दिसत असलेली ‘जलद’ आणि ‘मंद’ प्रकारांतली. बाकी ४२ प्रथिनाला न शिवणाऱ्या. प्रथिन बदलणारे बहुतेक बदल घातक असतात आणि दिसण्याआधीच गळून जातात, हे एवढ्याशा तक्त्यातून वाचता येतं. जे दिसतं त्याच्याइतकंच जे दिसत नाही तेही बोलतं.

मग १९९१ मध्ये मॅक्डोनल्ड आणि क्राइटमन यांनी त्याच जनुकावर एक चाचणी केली. तिचं गणित शाळकरी आहे आणि म्हणूनच मी प्रत्येक विद्यार्थ्याला ती आधी करायला लावते. फळमाशीच्या तीन जवळच्या प्रजाती घेतल्या. प्रजातींच्या आत बदलत्या असलेल्या जागांत प्रथिन बदलणाऱ्या २, न बदलणाऱ्या ४२. प्रजाती-प्रजातींमध्ये कायम झालेल्या फरकांत प्रथिन बदलणारे ७, न बदलणारे १७. सगळं न्यूट्रल असतं तर दोन्हीकडे गुणोत्तर सारखं हवं, कारण आजचं वैविध्य हेच उद्याच्या कायम फरकांचं कच्चं सामान. इथे आत एकास एकवीस, आणि मध्ये एकास अडीचच्याही आत. प्रथिन बदलणारे बदल आत थांबत नाहीत पण प्रजातींमध्ये साचतात, म्हणजे काही बदल फायद्याचे असल्यामुळे पटकन पार झाले असावेत. या चाचणीचं सौंदर्य असं, की दोन्ही प्रकारच्या जागा एकाच जनुकात एकमेकींत मिसळलेल्या आहेत. लोकसंख्या वाढली, आटली, म्युटेशनचा दर कमी-जास्त असला, तर त्याचा फटका दोघींनाही बसतो आणि गुणोत्तरातून बराचसा निघून जातो. तुलना कशाशी करायची हे हुशारीनं निवडलं की निम्मं मॉडेल लिहावंच लागत नाही.

बराचसा म्हटलं, सगळा नाही. ओहतांची किंचित घातक म्युटेशनं या तक्त्यात ‘आत’च्या रकान्यात शिरतात आणि उत्तर वाकवतात. तेव्हा ही चाचणीही डोळे मिटून चालवायची नाही.

आणि न्यूट्रल मॉडेल हेही शेवटचं घर नव्हे. लेवोंटिन यांनी १९७४ मध्ये दाखवलेलं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही: माश्यांची संख्या माणसाच्या कितीतरी पट, पण त्यांचं वैविध्य माणसाच्या साधारण दहापटच. चार एन मू या सूत्रात एनला जेवढं मोकळं सोडावं तेवढं निसर्ग सोडत नाही. एक कारण डीएनएवर शेजारी असल्यामुळे एकत्रच वारशात जाणाऱ्या जागांचं. मेनार्ड स्मिथ आणि हेग यांनी १९७४ मध्ये दाखवलं की फायद्याचं म्युटेशन पसरताना शेजारचंही ओढून नेतं. १९९३ मध्ये ब्रायन आणि डेबोरा चार्ल्सवर्थ यांनी मॉर्गन यांच्यासह दाखवलं की घातक म्युटेशनं गाळली जातानाही शेजारचं वैविध्य घटतं, कुठल्याही विजयी म्युटेशनशिवाय. त्यांच्या एक वर्ष आधी बिगन आणि अक्वाड्रो यांना फळमाशीत दिसलं होतं की जीनोममध्ये जिथे पुनर्संयोजन (आईबापांच्या प्रतींची अदलाबदल) कमी, तिथे वैविध्यही कमी, पण प्रजातींमधलं अंतर मात्र तिथे कमी नाही. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाच. म्युटेशनचा दरच कमी असता तर अंतरही कमी दिसलं असतं. म्हणून कारण निवडीचंच. एका वाक्यात पर्यायी खुलासा कापून टाकणं याला म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की आज ‘काही घडत नसताना’चं मॉडेल म्हणजे ड्रिफ्ट, लोकसंख्येचा चढउतार आणि घातक म्युटेशनांची सतत चाललेली सफाई, हे तिन्ही मिळून. त्याहून उरलं तर फायद्याच्या निवडीचं नाव घ्यायचं.

हा हिशोब कमी पडला की काय होतं, ते माणसाच्या उंचीनं दाखवलं. उत्तर युरोपातले लोक दक्षिणेतल्यांपेक्षा उंच आहेत ते अनेक जनुकांवर एकत्र झालेल्या निवडीमुळे, असं २०१२ नंतरच्या काही निबंधांतून मांडलं गेलं आणि सगळीकडे सांगितलं जाऊ लागलं. त्यासाठी प्रत्येक जागेचा उंचीवरचा परिणाम अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रीकरणातून घेतला होता. पुढे ब्रिटनच्या यूके बायोबँकमधून, सुमारे पाच लाख लोकांच्या एकाच अभ्यासातून, तेच परिणाम काढले तेव्हा निवडीचा तो संकेत बहुतांशी विरून गेला. उत्तर-दक्षिण वंशभेदाचा अगदी बारीक अवशेष प्रत्येक जागेच्या आकड्यात उरला होता आणि हजारो जागांची बेरीज करताना तो फुगला. २०१९ मध्ये यावर दोन निबंध एकत्र आले, आणि दोन्हींच्या लेखकांत आधीचा दावा करणारेही होते. असं करणारी माणसं असलेल्या क्षेत्रात तू यावंस असं मला वाटतं.

आता घरचा प्रश्न. या विषयात आलीस की लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारणारच, ‘आपले लोक मूळचे कुठले गं?’ त्याला बगल देऊ नकोस, पण जपून बोल. लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये दाखवलेला आकडा हाताशी ठेव: माणसांमधल्या एकूण वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसंख्येच्या आत असतं. आणि भारताबद्दल २०१३चा एक निष्कर्ष: उपखंडातल्या गटांचं मोठं मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झालं आणि त्यानंतर आपापल्यातच लग्नं करण्याची रीत घट्ट झाली. या प्रश्नांवर मराठी मातीत डीएनएच्या आधीपासून काम झालंय. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे आणि त्यांचे सहकारी मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण गटांची जीवशास्त्रीय तुलना प्रसिद्ध केली. नाव आणि दर्जा एक म्हणून मूळही एक असेल हे गृहीत कितपत खरं, हा त्यामागचा प्रश्न होता. तुझ्या नमुन्यांत माणसं येतील तेव्हा एवढं बघ, की गटाला दिलेलं लेबल कुणी दिलं आणि ते वाचून कुणाला काय सोसावं लागेल. डासांना याची फिकीर नसते.

तयारीचं थोडक्यात. संभाव्यता तुला येते. मार्कोव्ह साखळ्या आणि डिफ्यूजन समीकरणं पुन्हा उजळ. कोअलेसंटसाठी एमएसप्राइम आणि निवडीसह पुढच्या दिशेनं चालणाऱ्या सिम्युलेशनसाठी स्लिम, दोन्ही फुकट मिळतात. पण आधी पन्नास ओळींचं राइट-फिशर मॉडेल, म्हणजे पिढीमागून पिढी प्रती योगायोगानं निवडणारं साधं मॉडेल, स्वतः लिही. दुसऱ्याच्या आज्ञावलीत गृहीतं दिसत नाहीत, आपल्या आज्ञावलीत ती टाइप करावी लागतात. जीवशास्त्राकडे नाक मुरडू नकोस: निदान एकदा डास पकडायला जा, डीएनए काढताना शेजारी उभी राहा.

आणि आज्ञावली लिहिशील तर नाव माग. ज्या वॉटरसन यांच्या निबंधाचा भाजक तू वापरतेस, त्यातलं संगणकावरचं आकडेकाम मार्गारेट वू या बाईंनी केलं होतं. त्यांचं नाव आहे ते आभारात. २०१९ मध्ये एका गटानं ‘थिअरेटिकल पॉप्युलेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकाचे जुने अंक चाळले, तर १९७०च्या दशकात आभारात उल्लेखलेल्या प्रोग्रॅमरांपैकी ५९ टक्के स्त्रिया निघाल्या, आणि लेखकांत त्या जेमतेम ७ टक्के. काम सुरू करतानाच लेखकांची यादी कशी ठरेल ते विचार. विचारताना अवघडायला होईल, तरी विचार.

यावं का? लवकर निकाल हवे असतील तर नको. इथे एखादा चांगला प्रश्न तीन-चार वर्षं खातो आणि शेवटी उत्तर येतं की या माहितीतून ते सांगता येत नाही. त्या उत्तराचा तुला राग येत नसेल, तर ये. बंगळुरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञानाच्या संस्थेत पॉप्युलेशन जेनेटिक्स आणि उत्क्रांतीवर अभ्यासवर्ग भरतात, त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. तिथे गणितवाले आणि माश्या पाळणारे एकाच बाकावर बसतात. पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना त्यांचे गाजलेले निबंध बघच, पण त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करून विचार की निकाल अपेक्षेविरुद्ध आला तेव्हा सर किंवा मॅडम काय म्हणाल्या. शिफारसपत्र लागलं तर मुदतीच्या निदान पंधरा दिवस आधी कळव.